खिशाची ओळ

रविवारी आमचं बाइंडिंगचं दुकान बंद असतं, पण ही सुट्टी यंत्रांना. मी मात्र शिलाई रविवारी दुपारीच घेऊन बसते. कटिंग मशीन गप्प असलं की दोरा कागदातून सरकताना ऐकू येतो आणि तो ऐकत काम केलं की टाका चुकत नाही. अर्थात ह्या मागच्या खोलीत धाकट्याची मित्रमंडळी जमलेली नसली तर. जमली, की दोराच काय, स्वतःचा श्वास ऐकू येत नाही.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. दुकान त्याचं आणि माझं. पुठ्ठे, चामडं, सोनेरी अक्षरं त्याच्याकडे. फर्मे शिवणं माझ्याकडे. एक फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी, आणि अशा घड्या एका दोऱ्यात ओवल्या की पुस्तक होतं. सात वर्षांपूर्वी ह्याच खोलीत कटिंग मशीनने त्याचा उजवा पंजा नेला. मनगटाच्या पुढे काही उरलं नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही बोलत नाही. बोलतो ते नंतरच्या महिन्याबद्दल, कारण त्या महिन्यात मास्तर होता.

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नाही. व्हिडिओ गेम येतात, त्यांना तो दहापैकी मार्क देतो आणि का दिले ते लिहितो. हाच त्याचा धंदा. लहानपणापासून दोघं एकत्र खेळत आलेले. हॉस्पिटलात धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता. आईशी नाही, माझ्याशी नाही, कुणाशीच बोलेना. मास्तर आला, खाटेवर बसला, एक खेळ लावला आणि स्वतःचा उजवा हात पँटच्या खिशात घातला. म्हणाला, "चल, आपण दोघं सारखेच. बघू कोण आधी मरतो." तासाभरात दोघं मिळून सतरा वेळा मेले, आणि अठराव्यांदा मरताना माझा भाऊ हसला. ते हसू मी जन्मात विसरणार नाही. देव माणसाच्या रूपात येतो असं ऐकत आले होते. त्या दिवशी तो पिशवीत कंट्रोलर घेऊन आला एवढंच.

तेव्हापासून मास्तरने एक पद्धत धरली. कोणताही खेळ तपासायचा तर त्यातला एक तास उजवा हात खिशात घालून खेळायचा. बटणं डावीकडे बदलून घेता येतात का, कुठे अडतं का, ते बघायचं आणि लेखाच्या शेवटी एक ओळ लिहायची: "उजवा हात खिशात घालून तासभर खेळलो. खेळता येतं." किंवा "येत नाही." बस. वाचणाऱ्यांनी तिचं नावच पाडलं, खिशाची ओळ. कुठून कुठून लोक त्याला लिहायचे. कुणाला पक्षाघात झालेला, कुणाचा जन्मापासून एकच हात. मार्क राहू द्या हो मास्तर, खिशाचं सांगा, म्हणायचे.

आणि दर वर्षी धाकटा मास्तरचे वर्षभराचे लेख छापून, मी शिवून दिले की, त्याची चामडी बांधणी करायचा. एका हाताने. पाच खंड मास्तरच्या कपाटात आहेत. सहावा त्या रविवारी माझ्या मांडीवर होता.

त्या सहाव्या खंडातला शेवटचा लेख 'आठवा किनारा' ह्या खेळाचा. चार वर्षं ह्या खेळाचा नुसता गाजावाजा. आठ किनारे, मधे समुद्र, वाटेल तिथे जा, वाटेल ते व्हा, भेटेल त्याच्याशी बोला. धाकट्याने त्याच्या जाहिराती इतक्यांदा पाहिल्या की संगीत मलासुद्धा पाठ झालं. मंगळवारी समीक्षकांचे लेख आले. मास्तरने साडेनऊ दिले आणि खाली ओळ होती: खेळता येतं. धाकट्याने तो लेख त्याच दिवशी छापून माझ्यापुढे ठेवला. "ताई, हा शेवटचा. शिवून टाक." शुक्रवारी खेळ बाजारात आला. त्याने शुक्रवार-शनिवार दुकानाला कुलूप लावलं. सात वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी तीन वाजता दातवाली आणि ड्रायव्हर आले. दातवाली लोकांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते; बोटांना कायम प्लास्टरची पांढरी पूड आणि जिभेला धार. ड्रायव्हर पाण्याचा टँकर चालवतो. मनाने लोणी, पण एखादी गोष्ट आवडली की तिच्याविरुद्ध ब्र काढू देत नाही.

"एकोणीस समीक्षक," दातवाली चपला काढायच्या आधीच सुरू झाली. "एकोणीसच्या एकोणीस जणांनी नऊच्या पुढे. आणि खेळणाऱ्यांचे मार्क बघ. चार! हे एकोणीस जण दुसराच खेळ खेळले की काय?"

"लोकांना रडायला आवडतं गं," ड्रायव्हर कागदाच्या गठ्ठ्यावर टेकत म्हणाला. "अर्ध्यांनी तर अजून डबासुद्धा उघडला नसेल."

"मी उघडलाय ना! तिसऱ्या गावात एक म्हातारा भेटला. त्याची शेळी हरवलेली. शोधून दिली. पाचव्या गावात तोच म्हातारा, तीच शेळी."

"मग? शेळी आहे. हरवते."

"त्याच डोंगरावर? त्याच दगडामागे?"

"तिला ती जागा आवडत असेल. तुला नाही का, लॅब सोडून कुठे जायचं म्हटलं की जिवावर येतं?"

मला हसू आवरेना. दातवालीलाही आवरलं नाही, पण ती हटणारी नव्हती. "आणि घोडा? पायऱ्या चढताना भिंतीत घुसतो. नुसतं शेपूट बाहेर. मी त्या शेपटावर बसून दोन मिनिटं प्रवास केला."

"ते दुरुस्त करतील. एवढा मोठा खेळ आहे. तो सूर्यास्त पाहिलास? मी टँकर बाजूला लावून फोनवर पाहिला, पुन्हा."

"सूर्यास्त बघायला मला चार वर्षं थांबायची गरज नाही, खिडकी आहे माझ्याकडे. मुद्दा काय, कंपनी ह्यांना आधी फुकट प्रत देते, वर गोड बोलते, हे भारावून जातात. वाचणाऱ्याशी ह्यांचं काही नातं उरलेलं नाही."

"मास्तरनेपण साडेनऊ दिलेत," ड्रायव्हर म्हणाला. हा त्याचा हुकमाचा पत्ता होता. "आता म्हण, मास्तरपण भारावला."

दातवाली जराशी अडली. "मास्तरची गोष्ट वेगळी. त्याला खरंच आवडला असेल. पण आज चार वाजता येतोय ना, शेळीबद्दल विचारणार मी त्याला."

हे सगळं चाललं असताना धाकटा आमच्याकडे पाठ करून होता. पडद्यासमोर स्टुलावर बसून होता. मांडीवर त्याची ती तिरकी फळी. जुन्या प्रेसच्या लाकडाची, चामड्याचा पट्टा लावलेली, त्यात कंट्रोलर घट्ट बसतो. ती त्याने स्वतः बनवलीय. त्याच्या उजव्या मनगटाला कापड गुंडाळलेलं होतं. त्या दोघांनी ते अजून पाहिलं नव्हतं. मी शुक्रवारीच पाहिलं होतं, आणि विचारल्यावर "काही नाही, घासलं" एवढंच उत्तर मिळालं होतं.

"तू कुठवर पोचलास रे?" ड्रायव्हरने विचारलं. "दोन दिवस दुकान बंद म्हणजे चौथ्या किनाऱ्यापर्यंत तरी गेला असशील."

"बोटीपर्यंत."

"कुठली बोट? प्रत्येक किनाऱ्याला बोट आहे."

"पहिली."

पहिली बोट म्हणजे खेळ सुरू होऊन जेमतेम दोन तास. पहिल्या बेटावरून निघायचं, वादळ येतं, बोट त्यातून पार न्यायची आणि मग खरं जग खुलं होतं. एवढं मलाही कळत होतं.

धाकट्याने खेळ लावला. समुद्र आला, काळं आभाळ आलं. कंट्रोलरला दोन अंगठ्यांसाठी दोन छोट्या कांड्या असतात. डावीने सुकाणू धरून ठेवायचं आणि त्याच वेळी उजवी गोल गोल फिरवून शीड ओढायचं. एक सोडली की बोट उलटते. धाकट्याने डावी धरली. उजवीवर मनगट टेकवलं आणि ढकलायला लागला. कांडी पुढे गेली, मागे आली, पण गोल फिरेना. बोट उलटली. पडद्यावर अक्षरं आली, पुन्हा प्रयत्न करा.

"साठ-सत्तर वेळा केला," तो म्हणाला.

ड्रायव्हर ताडकन उठला. "अरे मग बोलायचं नाही का? सरक, मी फिरवतो उजवी. तू डावी धर. दोन मिनिटांचं काम."

"आठ किनारे आहेत. प्रत्येकाला बोट."

"मी येईन ना रोज!"

"रोज येशील," धाकटा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "दुकानात शटर ताई उघडते. गठ्ठा हमाल उतरवतो. शर्टाचं बटण आई लावते, मी नको म्हटलं तरी. ह्या एका ठिकाणी मी कुणाची वाट बघत नाही. तिथेही तुला बोलावू?"

ड्रायव्हर हळूच परत गठ्ठ्यावर बसला. दातवालीने कंट्रोलर घेतला आणि बटणं बदलायच्या पानावर गेली. सगळी बटणं बदलता येत होती. उडी, तलवार, घोडा, अगदी शेळीला हाक मारायचंसुद्धा. बोटीसमोर मात्र फिक्या करड्या अक्षरांत होतं, बदलता येणार नाही.

तिने फोन काढला. मास्तरचा लेख काढून शेवटची ओळ मोठ्याने वाचली. "उजवा हात खिशात घालून तासभर खेळलो. खेळता येतं."

"तास म्हणजे पहिला तास," ड्रायव्हर घाईने म्हणाला. "बोट दोन तासांनी येते. त्याच्या तासात बोट आलीच नसेल."

"मास्तर पहिला तास कधीच घेत नाही," धाकटा म्हणाला. "जिथे सगळ्यात अवघड असेल तो तास घेतो. त्यानेच लिहिलंय, दुसऱ्या खंडात."

"मग प्रत वेगळी असेल. समीक्षकांना आधीची प्रत देतात. तिच्यात बदलता येत असेल, नंतर कंपनीने काढून टाकलं."

"हां," धाकटा पटकन म्हणाला. "मलापण तेच वाटतंय. प्रत वेगळी असणार."

त्या "हां"मध्ये काय होतं ते मला ऐकू आलं, आणि माझी सुई बोटात गेली. दोन दिवस हा माणूस एवढ्या एका गोष्टीवर तग धरून बसला होता. बोट, खेळ, आठ किनारे, ते सगळं त्याने सोडून दिलं असतं. प्रत वेगळी निघाली की झालं.

चार वाजता मास्तर आला. नेहमीसारखा धापा टाकत, नेहमीसारखा हसत. "काय मंडळी, शेळी सापडली का?" दातवाली हसली नाही. तो माझ्याकडे वळला. "ताई, सहावा झाला की काय? दाखवा, दाखवा."

"शेवटचा टाका राहिलाय," मी म्हणाले.

धाकट्याने फळी त्याच्यापुढे धरली. "बोट काढून दाखव."

"कुठली?"

"पहिली. उजवा हात खिशात घाल आणि काढून दाखव. तुझ्या प्रतीत कशी निघाली ते बघायचंय."

मास्तरचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर राहिलं, आत कुणी नसल्यासारखं. तो स्टुलावर बसला. फळी मांडीवर घेतली. उजवा हात सवयीने खिशात गेला.

बोट निघाली. त्याने डाव्या अंगठ्याने सुकाणू धरलं, उजव्या कांडीपर्यंत करंगळी ताणून पाहिली. बोट उलटली. दुसऱ्यांदा फळी आडवी करून पाहिली. उलटली. तिसऱ्यांदा मोठी लाट आली आणि त्याचा उजवा हात खिशातून बाहेर आला.

त्याला कळलंसुद्धा नाही. हात सरळ उजव्या कांडीवर गेला, अंगठा टेकला आणि लाटेच्या तालावर फिरायला लागला. तीनदा भरभर, मग थांबून एकदा उलटा, मग दोनदा सावकाश. कुठे थांबायचं, कुठे सोडायचं, सगळं त्या अंगठ्याला ठाऊक होतं. माझा जन्म कीर्तनं ऐकण्यात गेलाय. पहिल्यांदा पद म्हणणारा गळा आणि शंभरदा घोळवलेला गळा मला ओळ संपायच्या आत ओळखू येतो. हा हात शंभरदा घोळवलेला होता. बोट वादळातून पार झाली, पडदा सोनेरी झाला, ते पाठ झालेलं संगीत सुरू झालं. मास्तरने खाली पाहिलं, आणि स्वतःचा हात त्याला दिसला.

"प्रत तीच होती?" धाकट्याने विचारलं.

"तीच."

"खिशातून खेळलास?"

मास्तरने कंट्रोलर बाजूला ठेवला. "पाच दिवस होते रे. साठ तासांचा खेळ. झोपलोसुद्धा नाही नीट. मी नवा लेख लिहायला घेतो तेव्हा मागचाच लेख उघडतो, वरचं पुसत जातो, नवं लिहीत जातो. शेवटची ओळ खाली तशीच असते. ती मी नंतर..."

"म्हणजे चुकून राहिली," ड्रायव्हर म्हणाला. "पुसायची राहून गेली. होतं असं."

मास्तर 'हो' म्हणू शकला असता. दार उघडं होतं, ड्रायव्हरने धरूनच ठेवलं होतं. तेवढं त्याच्या बाजूने सांगायलाच हवं, की तो त्यातून गेला नाही.

"नाही. मला दिसली होती. पाठवायच्या आधी वाचली. तास काढायला वेळ नव्हता. पुसली असती तर लोकांनी विचारलं असतं, ओळ कुठाय. वाटलं, एवढ्या मोठ्या खेळात बटणं बदलायची सोय असणारच. सगळ्यांत असते हल्ली. ठेवली."

"कंपनीने काही दिलं?" दातवालीने विचारलं.

"काही नाही. मला खरंच आवडला गं खेळ. मनापासून."

"दिलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "निदान कुणावर तरी चिडता आलं असतं."

मास्तरने फोन काढला. "आत्ता दुरुस्ती टाकतो. सगळं लिहितो, न तपासता लिहिलं म्हणून." अंगठे भराभर चालले. तो लिहीत असतानाच फोन वाजायला लागला. बहुतेक बोटीशी अडलेल्यांची पत्रं दोन दिवस येत होती आणि त्याने उघडली नव्हती. एक त्याने उघडलं, वाचलं आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"वाच की," धाकटा म्हणाला.

"नको."

"तू मंगळवारी लिहिलंस. मला फोन केला असतास तर? सांगितलं असतंस, तास झाला नाही रे, तू जरा थांब. मी थांबलो असतो. चार वर्षं थांबलो होतो, आणखी चार दिवस काय."

मास्तरने माझ्या मांडीवरच्या खंडाकडे पाहिलं. म्हणाला, "बाकीच्या सगळ्या खऱ्या आहेत. पाचही खंडांतल्या. देवाशपथ."

देवाची शपथ ऐकली की माझा हात थांबतो. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि सांगते, तो खरं बोलत होता.

"माहीत आहे मला," धाकटा म्हणाला. "त्यातले बहुतेक खेळ मी खेळलोय. पण काल बसलो आणि जे खेळलो नाही त्यांची यादी केली. एरवी कधी करावीशी वाटली नव्हती." मग माझ्याकडे वळला. "ताई, शेवटचा फर्मा उसव."

"फाडू नकोस रे," मास्तर म्हणाला.

"फाडत नाही. वेगळा ठेवायचाय."

मी पातं घेतलं. शिलाईचं काम असं असतं की सगळे फर्मे एकाच दोऱ्याने जोडलेले असतात. शेवटचा दोरा तोडला की आधीचे पाच-सहा सैल पडतात. पुन्हा ताणून गाठ मारावी लागते, आणि त्याला तीन हात लागतात. माझे दोन सुईवर आणि गाठीवर. फर्मे दाबून धरायला धाकट्याचा डावा. दोऱ्याचं मोकळं टोक ताणून धरायला आणखी एक. रविवारी ते टोक नेहमी मास्तर धरायचा. पाचही खंडांचं त्यानेच धरलं होतं, आणि दर वेळी म्हणायचा, माझ्या पुस्तकात माझं एवढंच काम.

फर्मा सुटला. सोळा पानं मी बाजूला ठेवली. बाकीचे फर्मे एकमेकांवरून सरकायला लागले. धाकट्याने डावा पंजा त्यांच्यावर दाबला. दोऱ्याचं टोक हवेत लोंबत होतं. मास्तर स्टुलावरून उठला, पुढे झाला आणि त्याने उजवा हात पुढे केला.

धाकट्याने मान खाली घातली आणि टोक दातांत धरलं.

मी गाठ मारली. त्याच्या दातांनी धरलेला दोरा थरथरत होता, आणि दोन गाठी मारूनही तो घट्ट बसला की नाही ते मला नीट कळलं नाही. मास्तरचा हात तसाच पुढे होता. मग तो त्याने खिशात घातला.